पाड्यावरच्या मुलांना शिक्षणाची गोडी लागावी म्हणून गावाच्या कामाचा उपयोग कसा करावा?

प्रश्न
घोडबंदरकर, ठाणे

नमस्कार. आम्ही घोडबंदर रोडवरच्या एका गृहनिर्माण संस्थेतील दहा-बारा कुटुंबे दोन वर्षांपासून शहापूर तालुक्यातल्या एका आदिवासी पाड्यावर अधूनमधून जातो. कसारा लोकलने आटगावला उतरायचे, तिथून जीपने फाट्यापर्यंत जायचे आणि शेवटचा अर्धा तास पायी चालायचे, असा हा प्रवास आहे. पाड्यावर जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची दोनशिक्षकी शाळा असून पटावर 28 मुले आहेत. पहिल्या वर्षी आम्ही सगळेच करतात तेच केले, म्हणजे जूनमध्ये वह्या आणि दप्तरे, दिवाळीला फराळ आणि 26 जानेवारीला खाऊ. मुलांनी गाणी म्हटली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने घरी आलो.

गेल्या जूनमध्ये मात्र दोन गोष्टी मनाला लागल्या. आम्ही पायवाटेवर दिसताच मुले वर्गातून उठून व्हरांड्यात ओळीने उभी राहिली. त्यांना उभे राहायला कोणी सांगितले नव्हते. नंतर एका घरी पाणी प्यायला थांबलो, तेव्हा आदल्या वर्षी आम्हीच दिलेली वही दिसली. पहिल्या पानावर मुलीचे नाव, इयत्ता आणि शाळेचे नाव सुवाच्य अक्षरांत होते, कारण ते माझ्या पत्नीने लिहून दिले होते. पुढची सगळी पाने कोरी होती. वही फेकलेली नव्हती, उलट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला नीट टांगून ठेवली होती. ती वापरावी असे काही त्या मुलीच्या दिवसात घडतच नव्हते, इतकेच.

त्यामुळे यंदा वस्तू न देता मुलांच्या बरोबरीने गावाचे एखादे काम करावे आणि त्या कामातून त्यांना वाचण्या-लिहिण्याची ओढ लागते का ते पाहावे, असा विचार आम्ही करत आहोत. विहिरीभोवतीची सफाई, झाडे लावणे, ओहोळावर छोटा बांध घालणे, अशी कामे डोळ्यांसमोर आहेत. शिक्षक अनुकूल आहेत. पण असे काम नेमके शिकण्याशी जोडायचे कसे, ते कोणत्या महिन्यांत करावे, आणि महिन्यातून दोन रविवार येणाऱ्या आमच्यासारख्या शहरी माणसांनी त्यात किती पुढे राहावे, याबद्दल अनुभवी मंडळींकडून ऐकायचे आहे.


उत्तर
खडूफळा, कळवा

घोडबंदरकर साहेब, त्या ओळीचा उल्लेख आपण प्रामाणिकपणे केलात म्हणून सविस्तर लिहितो. माझी शिक्षकाची 31 वर्षांची नोकरी मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत झाली आणि त्यातली बहुतेक वर्षे मीसुद्धा अशा ओळी लावत होतो.

आपल्याच मुलखातली एक जुनी गोष्ट आधी सांगतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. 2014 च्या विभाजनानंतर पालघर जिल्ह्यात गेला. पाड्यावरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली आणि तिला अंगणवाडी म्हटले. मोठी मुले गुरांमागे रानात जातात असे दिसले, तेव्हा शाळा कुरणात नेली आणि ती कुरणशाळा झाली. पुढे 1975 मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली, तिने अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचवला, पण कुरणशाळा मात्र मागे पडली. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या मागे पडलेल्या शब्दात आहे. मूल जे काम आधीच करत आहे, तिथे अक्षर आणि अंक घेऊन जायचे; त्यासाठी त्याच्या हाती नवे काम द्यायची गरज नसते.

पाड्यावरची मुले कोणते काम करतात, हे आपण पाहिलेच असेल. मार्चनंतर ती पाणी भरतात. माझ्या एका शाळेत तिसरी-चौथीच्या मुली उन्हाळ्यात सारख्या गैरहजर राहात आणि हजेरीपत्रकावर मी तांबड्या शाईने खुणा करण्यापलीकडे काही करत नव्हतो. एके वर्षी मी मुलांनाच सांगितले की प्रत्येक घरी रोज किती हंडे पाणी येते, ते कोण आणते आणि विहिरीवर किती वेळ थांबावे लागते, हे आठवडाभर लिहून आणा. लिहिता न येणाऱ्यांनी हंड्याच्या चित्रापुढे रेघा मारल्या. हंड्यात किती पाणी मावते हे पाहायला आम्ही एक लिटरच्या बाटलीने हंडा भरला, तर तो पंधरा बाटल्यांनी भरला आणि त्याच क्षणी पंधराचा पाढा सगळ्यांना हवासा झाला. आठवड्याचा तक्ता भिंतीवर लावला तेव्हा चौथीतल्या एका मुलाने सहज विचारले की गुरुजी, ही रेघ आणि तुमची तांबडी खूण एकाच दिवशी कशी? टँकर ज्या दिवशी शाळेच्या वेळेत येत होता, त्या दिवशी मुली शाळेत येत नव्हत्या. ही गोष्ट मला नोकरीच्या विसाव्या वर्षी एका दहा वर्षांच्या मुलाने दाखवली.

पुढे मुलांनी ग्रामसभेला अर्ज लिहिला. अर्जलेखन पाठ्यपुस्तकात असतेच, पण ते कोणा काल्पनिक मुख्याध्यापकांना लिहिलेले असते आणि त्याचे उत्तर कधी येत नाही. हा अर्ज 1 मेच्या ग्रामसभेत सरपंचांसमोर वाचायचा होता, म्हणून तो सात वेळा लिहिला गेला आणि सातही वेळा मुलांनीच चुका काढल्या. टँकरची वेळ बदलली. सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही, पण शाळा सुटायच्या वेळेनंतर टँकर येऊ लागला एवढे झाले.

आता आपल्या बांधाबद्दल. रिकाम्या सिमेंटच्या पिशव्यांत माती-वाळू भरून ओहोळावर घालतात तो वनराई बंधारा शाळेसाठी उत्तम, कारण तो दोन दिवसांत होतो आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसतो. पिशव्या आणण्यापूर्वी त्या किती लागतील याचा हिशेब मुलांना करू द्यावा. आमचा ओहोळ सहा मीटर रुंद होता. भरलेली पिशवी साधारण 60 सेंटीमीटर लांब भरली, म्हणजे एका थरात दहा. पिशवीची जाडी 15 सेंटीमीटर, म्हणून मीटरभर उंचीला सात थर. आणि बांध तीन पिशव्या रुंद. मुलांचे उत्तर 210 आले आणि प्रत्यक्षात 260 लागल्या. ओहोळाचा तळ सपाट नसतो, सांधे चुकवून पिशव्या रचाव्या लागतात, आणि सुतळीने तोंड शिवले की पिशवी आखूड होते, ही तीन कारणे शोधायला मुलांना आणखी एक दिवस लागला. तो एक दिवस मी माझ्या सबंध नोकरीतला गणिताचा सर्वांत चांगला तास मानतो. भागाकाराला घाबरणारा एक मुलगा त्या दिवशी गवंड्याच्या थाटात सगळ्यांना थर समजावून सांगत होता.

तेव्हा कोणतेही काम निवडताना एवढेच पाहावे की त्यात मोजल्यावाचून, लिहिल्यावाचून किंवा कोणाला विचारल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येऊ नये. नुसती झाडलोट आणि नुसते खड्डे यांत ते होत नाही. मुले दमतात, आपले समाधान होते आणि वही आढ्यालाच राहते.


उत्तर
वाशीचा पालक

गुरुजींचा अनुभव वाचून आनंद झाला, तरी एक शंका मांडतो. पिशव्या उचलणे आणि खड्डे खणणे हे अंगमेहनतीचे काम आहे. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास कायद्याने बंदी आहे आणि ही मुले घरी आधीच पुष्कळ काम करतात. आमची मुले रविवारी चित्रकलेच्या वर्गाला जाणार आणि पाड्यावरच्या मुलांनी मात्र सेवा म्हणून माती वाहायची, हे मनाला पटत नाही. श्रमदान हा शब्द चांगला आहे, पण दान देणाऱ्याला नाही म्हणता आले पाहिजे.


उत्तर
खडूफळा, कळवा

शंका अगदी रास्त आहे आणि ती आपण मांडलीत हे बरे झाले. 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सरसकट बंदी आहे. शाळेनंतर घरच्यांना हातभार लावण्यापुरता अपवाद आहे. आमच्या बंधाऱ्यात पिशव्या भरल्या आणि उचलल्या त्या पालकांनी आणि गावातल्या तरुणांनी. मुलांकडे मोजणी, नोंद, सुतळीचा हिशेब आणि पाण्याची पातळी दाखवणारी काठी, एवढे होते. ज्याला माती कालवायची हौस होती त्याला आम्ही अडवले नाही, कारण चिखलात खेळणे हा मुलांचा हक्क आहे, पण कोणाच्या वाट्याला ते नेमून दिले नाही.

मी स्वतःला एक प्रश्न विचारत असे, तो आपल्यालाही उपयोगी पडेल: हेच काम वाशीच्या एखाद्या शाळेतल्या मुलाला याच वयात आनंदाने सांगितले असते का? उत्तर नाही असे आले की ते काम मोठ्यांचे. शौचालयाची सफाई शिक्षा म्हणून किंवा ठरावीक घरांतल्याच मुलांना देणे, याला तर सेवा म्हणूच नये. गाडगेबाबा गावात शिरले की झाडू स्वतः हातात घेत आणि लोकांशी बोलत ते रात्री कीर्तनात. हा क्रम पुष्कळ श्रमदान शिबिरांत उलटा झालेला मी पाहिला आहे.


उत्तर
भारंगी, ऐरोली

सर्वांना नमस्कार. मी सध्या ऐरोलीत नोकरी करते, पण माझा जन्म मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीतला आहे आणि आपण ज्या ओळीबद्दल लिहिले आहे, तीत मी अनेकदा उभी राहिले आहे. पाहुणे यायचे म्हणजे आदल्या दिवशी आम्ही मैदान झाडायचो, सडा घालायचो आणि त्या दिवशी पाढे होत नसत. त्यालाही श्रमदानच म्हणत असत. मोठेपणी कोण होणार, असे पाहुण्यांनी विचारले की आम्ही सगळे पोलीस म्हणायचो, कारण त्या उत्तरावर पाहुणे खूश होतात हे आम्हाला ठाऊक झाले होते. त्यामुळे घोडबंदरकर काकांना पहिली विनंती ही की पहिले दोन-तीन रविवार काहीच आयोजित न करता नुसते यावे, मुलांबरोबर रानात फिरावे आणि त्यांना आपल्याला शिकवू द्यावे. खेकडा कोणत्या दगडाखाली असतो, हे तुमच्यापैकी एकालाही सांगता येणार नाही आणि पहिलीतल्या मुलाला सांगता येईल. त्या एका गोष्टीने जे होते ते वर्षभर शाबासकी देऊन होत नाही.

मला लिहिण्याची गोडी लागली ती भाज्यांमुळे. आमच्या बाईंनी तिसरीत असताना पावसाळ्यात नियम केला होता की दर सोमवारी प्रत्येकाने एक रानभाजी आणायची आणि ती कशी करतात हे घरच्या म्हातारीला विचारून लिहायचे. जूनच्या पहिल्या पावसात शेवळे येतात. मी वहीत लिहिले की शेवळे चिरावे, फोडणीला टाकावे आणि खावे. आजीला वाचून दाखवले तर ती हसून लोळायचीच राहिली. काकडाची फळे घातल्याशिवाय शेवळे शिजवले तर घसा असा खाजतो की दुसरा घास जात नाही, हे ज्याला माहीत नाही तो ती वही वाचून आजारी पडेल, असे ती म्हणाली. लिहिलेले चूक असेल तर कोणाचा तरी घसा खाजेल, हे मला त्या दिवशी कळले आणि मी पान फाडून पुन्हा लिहिले. आजीला अक्षर येत नव्हते, पण त्या वहीची खरी तपासनीस तीच होती. टाकळा, कुरडू, कर्टोली, भारंगी, लोत, असे करत दिवाळीपर्यंत आमच्या वर्गाची जाड वही झाली. माझे इथले नावही त्यातूनच घेतले आहे.

ही निव्वळ शाळेची गंमत नाही, गावाचेही ते काम आहे. जैवविविधता कायदा 2002 चा आहे आणि त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या माहितीची नोंद, ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी बाहेरचे कोणी येऊन घाईने ती भरून जाते. मुलांनी आजी-आजोबांना विचारून केलेली नोंद ग्रामपंचायतीच्या त्या वहीत गेली, तर सेवा आणि अभ्यास वेगळे करावे लागत नाहीत. मात्र औषधी मुळ्यांची माहिती ज्याची आहे त्याला विचारल्याशिवाय बाहेर छापू नये, हे जरूर पाहावे.

दोन गोष्टी आणखी. मुलांनी पहिल्यांदा आपल्या बोलीतले शब्द लिहिले तर ते खोडू नयेत. घरची कातकरी, वारली किंवा ठाकरी बोली आणि पुस्तकातली मराठी यांत इतके अंतर असते की पहिलीतले मूल गप्प बसले तर ते मंद नसते, ते भाषांतर करत असते. आपल्या शब्दासमोर पुस्तकातला शब्द त्याने स्वतः लिहिला की दोन्ही त्याचे होतात.

दुसरी गोष्ट दिनदर्शिकेची. पाड्यावर कातकरी घरे असतील तर दिवाळीनंतर ती उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेऊन भिवंडी-कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर जातात, आठवड्याच्या खर्चीवर दिवस काढतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. 26 जानेवारीला तुम्हाला वर्गात जी मुले दिसली ती सगळी नव्हती. जानेवारीत सुरू केलेला कोणताही उपक्रम म्हणूनच अर्ध्या वर्गाला वगळून होतो. विधायक संसद या संस्थेने पूर्वी वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या होत्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. आपण ठाण्यात राहता, भिवंडी तुम्हाला आटगावपेक्षा जवळ आहे. पाड्यावरची मुले डिसेंबरमध्ये ज्या भट्टीवर असतील तिथे एक रविवार जाऊन त्यांच्या नोंदवह्या पुढे चालू ठेवता आल्या, तर ते बंधाऱ्याइतकेच मोलाचे काम होईल. भट्टीजवळच्या शाळेत मुलांना दाखल करून घ्यावे लागते, त्यासाठी तुमच्या शिक्षकांकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावे.

आणि चौथीनंतर शाळा सुटलेली ताई-दादा मंडळी पाड्यावर असतात, त्यांना विसरू नका. मोजपट्टीचे दुसरे टोक त्यांच्या हातात द्या. आमच्या वाडीतली एक मुलगी अशीच नोंदवहीच्या निमित्ताने शाळेच्या ओट्यावर येऊन बसू लागली आणि दोन वर्षांनी आश्रमशाळेत सहावीला बसली.


उत्तर
एकशेवीस तास, नेरुळ

मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी आहे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी ही योजना सुरू झाली आणि तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला 120 याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास काम करायचे असते, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचे विशेष शिबिर असते. घोडबंदरकर यांचा तिसरा प्रश्न, शहरी माणसाने किती पुढे राहावे, हा आमच्यासारख्यांचा रोजचाच आहे, म्हणून त्यापुरतेच लिहितो.

आमच्या पहिल्या शिबिरात 50 स्वयंसेवक होते आणि शाळेत 35 मुले. सात दिवसांत भिंती रंगल्या, पथनाट्य झाले, शंभर खड्डे खणून रोपे लागली. मार्चमध्ये गेलो तेव्हा शेळ्यांनी रोपांचा निकाल लावला होता आणि भिंतीवर आम्ही रंगवलेली बाराखडी मुलांच्या डोक्याच्या वर चार फुटांवर होती. एवढी साधी गोष्ट पन्नास सुशिक्षित माणसांच्या लक्षात आली नव्हती, कारण रंगवताना शिडीवर आम्ही होतो. आता सात दिवसांचे शिबिर होते तेव्हा होतेच, पण शाळेचे काम फक्त सहा विद्यार्थी करतात आणि तेच सहा जण दोन वर्षे जातात. चेहरा तोच राहिला की तिसऱ्या महिन्यात मूल आपली चूक दाखवायला घाबरत नाही. आपल्या दहा-बारा कुटुंबांनी आळीपाळीने जाण्यापेक्षा तीन कुटुंबांनी दर वेळी जावे, असे मी सुचवीन; उरलेल्यांनी रेल्वेच्या तिकिटांचा आणि मोजण्याच्या टेपचा खर्च उचलावा.

शिकण्यात फरक पडतो का हे पाहण्यासाठी मोठी परीक्षा लागत नाही. प्रथम या संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून जे असर सर्वेक्षण होते, त्यात स्वयंसेवक घरी जाऊन मुलाला अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, यांतले काय वाचता येते एवढेच पाहतात. तीच रीत आपण काम सुरू करताना एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा वापरावी. ते निकाल वर्गात वाचून दाखवू नयेत आणि देणगीदारांना पाठवायच्या पत्रकात तर मुळीच घालू नयेत. आम्ही ती चूक केली आणि शिक्षकांना ती आपल्यावरची टीका वाटली. त्यांचे मन वळवायला एक सत्र गेले.

शाळा व्यवस्थापन समितीलाही विश्वासात घ्यावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. काम कोणते करायचे हे तिच्या बैठकीत ठरले, म्हणजे ते पाड्याचे होते. बैठक रविवारी सकाळी ठेवू नका, त्या वेळी आठवड्याचा बाजार असू शकतो.


उत्तर
घोडबंदरकर, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भारंगी ताई, तुमचे उत्तर मी संस्थेच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवले आणि वाचून झाल्यावर काही वेळ कोणीच बोलले नाही. फराळवाटपाचा यंदाचा ठराव मागे घेतला आहे.

गेल्या रविवारी आम्ही तिघेच गेलो आणि काही नेले नाही. ओळ लागली, थोडा वेळ टिकली आणि मोडली. मग मुलांबरोबर ओहोळापर्यंत गेलो. समितीच्या अध्यक्षा तिथेच कपडे धूत होत्या. त्यांनी सांगितले की बांध घालायचा तर दसरा-दिवाळीच्या मध्ये घाला, त्याआधी पाणी ओढून नेईल आणि नंतर माणसे नसतील. म्हणजे ताईंनी लिहिले तेच त्यांनी एका वाक्यात सांगितले. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मोठी मुले येणार नाहीत, हेही त्यांनीच सांगितले.

तोपर्यंत पाऊस मोजायचा, असे शिक्षकांशी बोलून ठरले आहे. सरळ बाजूंच्या बाटलीचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, तळाशी खडे आणि शून्याच्या खुणेपर्यंत पाणी घालायचे, आणि हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला आकडा लिहायचा. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मी स्वतः पन्नाशीत प्रथमच नीट समजून घेतले. शाळेचा पत्रा आठ मीटर बाय सहा मीटर आहे. वर्षाला दोन हजार मिलीमीटर धरले, आणि शहापूरकडे त्याहून कमी पाऊस क्वचितच होतो, तरी त्या एका पत्र्यावर 96,000 लिटर पाणी पडते, म्हणजे दहा हजार लिटरचे साडेनऊ टँकर. मुलांनी हा हिशेब दिवाळीपर्यंत स्वतःच्या आकड्यांनी करावा आणि टाकी हवी की नको हे 26 जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवावे, असा बेत आहे. भट्टीवर गेलेल्या मुलांचे आकडेही त्यात असतील.

एक गोष्ट मात्र अजून खटकते आहे. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते आणि भातसा नदीचे पाणी पिसे येथून आमच्या ठाण्यालाही येते. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणे याच तालुक्यात आहेत. मुले पाऊस मोजू लागली की हे पाणी जाते कुठे, असे विचारणारच. त्या वेळी सेवा कोण कोणाची करत आहे, याचे उत्तर मला द्यावे लागेल आणि मी ते टाळणार नाही, पण चौथीतल्या मुलाला ते कसे सांगावे याबद्दल गुरुजींनी चार शब्द लिहावेत.


उत्तर
खडूफळा, कळवा

नकाशा न्या आणि त्यावर आपल्या घराचा नळ दाखवा. बाकी मुले विचारतील तेवढेच सांगा. पाणी कुठे जाते हे पाड्यावर सगळ्यांना माहीत आहे, ते कोणी शहरी माणूस स्वतःहून कबूल करतो का, एवढेच त्यांना पाहायचे असते.

आणि ती बाटली पत्र्याच्या पागोळीखाली किंवा आंब्याखाली ठेवू नका, मोकळ्या मैदानात ठेवा आणि भोवती काटेरी फांद्या लावा. आमच्या पहिल्या पर्जन्यमापकात पागोळीमुळे पहिल्याच रात्री बाटली भरून वाहिली आणि दुसऱ्या रात्री शून्य आला, कारण पाणी बकरी पिऊन गेली होती. मुलांनी दोन्ही आकडे प्रामाणिकपणे लिहिले होते आणि शेऱ्याच्या रकान्यात बकरीच्या मालकाचे नावही.